पांडुरंगरावांचं शवासन

१

पांडुरंगराव मोहिते असे काही गेले, की लश्कर भागातल्या निम्म्या मराठी म्हाताऱ्यांना त्यांचा हेवा वाटला.

हॉस्पिटल नाही, नळ्या नाहीत, मुलांची धावाधाव नाही. शिंदे की छावनीतल्या योग संशोधन केंद्राच्या दालनात, भल्या सकाळी, चटईवर शवासनात. योगशिक्षक दिग्विजयसिंह वर्ग घ्यायला आले, तेव्हा पांडुरंगराव आधीच निजलेले होते. शिक्षकांना कौतुक वाटलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि 'लगन इसे कहते हैं' असं लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मग बाकीची मंडळी आली. ओंकार झाला, आसनं झाली, प्राणायाम झाला. पांडुरंगरावांची तंद्री मोडू नये म्हणून सगळे पाऊल न वाजवता वावरत होते. वर्ग संपल्यावर कोणीतरी त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

तो फोटो मग गावभर फिरला. लोक त्याला नमस्कार करू लागले. केंद्राचे प्रमुख डॉक्टर गुरुप्रसाद टेंबे यांनी 'हृदयक्रिया बंद' असा दाखला दिला आणि दुपारी दहन झालंसुद्धा. डॉक्टर हजर असताना शवविच्छेदनाचं नाव कोण काढणार? पुण्यवान माणसाला का चिरायचं?

सीमंतिनी राजवाड्यांना मात्र हेवाबिवा काही वाटला नाही. त्या मेडिकल कॉलेजातून औषधशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि या केंद्राच्या नीतिसमितीवर बाहेरच्या सदस्य होत्या. ज्या माणसांवर प्रयोग होतो त्यांच्या जिवाची राखण करणं, हे या समितीचं काम. प्रयोग चालू असताना माणूस मेला, तर कितीही सुंदर मेला तरी चौकशी होते. अध्यक्षांनी फोन केला, "ताई, नुसती औपचारिकता आहे."

"मग मला कशाला सांगता? औपचारिकता करणारे तुमच्याकडे ढीगभर आहेत," त्या म्हणाल्या, आणि पायांत मोजे चढवून दौलतगंजात मोहित्यांच्या घरी गेल्या.

सुलोचनाबाई मोहिते भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा-बायको दोघंही त्या अभ्यासात होते. वाढलेला रक्तदाब आणि चिंता यांना योगानं किती आराम पडतो, हे मोजणारा तो अभ्यास. निम्मे लोक योगाचे, निम्मे नुसत्या फिरण्याच्या व्यायामाचे. चिठ्ठी टाकून वाटणी झाली, आणि दोघांच्याही नशिबी योग आला. त्या सकाळी सुलोचनाबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून पांडुरंगराव एकटेच गेले.

"ताई, मी तीन दिवसांपासून जेवले नाही," बाई म्हणाल्या. "घास घशाखाली उतरतच नाही. तुम्ही तर औषधांच्या मास्तरीण. एक खरं सांगाल न?"

"विचारा, वहिनी."

"हे विसरायचे, म्हणून यांची गोळी मीच द्यायची. रोज उठल्याबरोबर. अंत्ययात्रेहून आल्यावर टेंबे डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, 'वहिनी, गोळी चुकून दोनदा तर दिली नाहीत न?'" त्यांनी गोळीचं पाकीट पुढे सरकवलं. "मी आठवून आठवून थकले. एकदाच दिली असं वाटतं. पण पक्कं नाही सांगता येत. माझ्याच हातून गेले का हो हे?"

सीमंतिनीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. गोळीचं पाकीट पाहिलं. हृदयाचे ठोके संथ करणारी, जुनी, भरवशाची गोळी. एकाऐवजी दोन घेतल्या तर माणसाला चक्कर येईल, थकवा येईल. मरण येणं अवघड.

आणि त्यांना राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गुरुप्रसाद त्यांचाच विद्यार्थी. हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं या बाईला तो प्रश्न विचारला कशाला?

२

उठता उठता त्यांची नजर सुलोचनाबाईंच्या पायांकडे गेली. घोटे सुजलेले. बोटांत जोडवी नव्हती.

"ती तर महिन्यापूर्वीच काढून ठेवली," बाई म्हणाल्या. "रुतत होती. योग सुरू केल्यापासून पाय भरून आलेत. पण प्रेशर बघा न, केवढं उतरलं! गुरुजी वर्गाआधी काढा पाजतात न, ते म्हणाले, त्यानं शरीराची घाण पायावाटे उतरते आहे."

"तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे?"

"मला? मुळीच नाही. माझं थोडंसंच होतं."

सीमंतिनीबाई बाहेर पडल्या. योगानं मन शांत होतं, झोप सुधारते, रक्तदाब थोडा उतरतो, हे त्यांनी चांगल्या चांगल्या अभ्यासांत वाचलं होतं आणि ते त्यांना पटतही होतं. पण योगानं घोटे सुजल्याचं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

केंद्रात पहिली भेटली ती तन्वी. वय पंचवीसच्या आतबाहेर, अंगानं काडी, डॉक्टरेट करणारी. सगळ्यांचा रक्तदाब आणि नाडी मोजायचं काम तिचं. मोजणाऱ्याला कोण योगाचं आणि कोण बिनयोगाचं हे सांगत नाहीत, नाहीतर नकळत हात झुकतो. म्हणून ती वर्ग संपल्यावर, दुसऱ्या खोलीत बसायची.

"मॅम, मला ग्रुप माहीत नसतात, कसम से," तन्वी म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण ओळखू तर येतात."

"कशावरून?"

"पायांवरून. थंडीचे दिवस, सगळे मोजे घालून येतात. योगावाल्यांनी मोजे काढले की पायावर इतना गहरा निशान. फिरणाऱ्यांना नसतो. पल्स पण स्लो. मी सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, यही तो असर है, बेटा, कुठे बोलू नको, ब्लाइंडिंग खराब होईल."

"त्या सकाळी दालन तू उघडलंस?"

"मी? नाही! मी तर वर्ग संपल्यावरच आले. तब तक सब रो रहे थे."

दालनाच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या. गुरुप्रसाद, दिग्विजयसिंह आणि तन्वी. सीमंतिनीबाईंनी मोबाइलवर तो फोटो उघडला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तन्वी, या दालनाची दक्षिण कुठली गं?"

तन्वीनं चारी भिंतींकडे पाहिलं. "वो... रस्त्याकडची? मॅम, मला डायरेक्शन कभी समझ नहीं आते. मी मॅप लावते." आणि ती खरोखरच फोन काढायला लागली.

"राहू दे," सीमंतिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या मनातलं एक नाव पुसलं गेलं होतं. उरली दोन.

३

दिग्विजयसिंह तोमर मुरैन्याकडचे. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, आणि तीन दिवसांत वय वाढल्यासारखे दिसणारे. मृत माणसाभोवती आपण तासभर प्राणायाम करवला, हे त्यांना सहन होत नव्हतं.

"मैडम जी, मैं पास से दो बार निकला," ते म्हणाले. "एक बार झुककर देख लेता तो?"

"तुम्ही आलात तेव्हा दार उघडं होतं?"

"खुला था. मोहिते साहब रोज़ सबसे पहले आकर सीढ़ी पर बैठ जाते थे, मैं आकर खोलता था. उस दिन मैंने सोचा तन्वी ने खोल दिया होगा."

"आणि काढा?"

ते चपापले. काढ्याबद्दल समितीच्या कागदांत एक अक्षरही नव्हतं. तो त्यांच्या गुरूंचा रिवाज. दाल बाज़ारच्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून गुळवेल आणि बाकीच्या मुळ्या आणायच्या, संध्याकाळी उकळून झाकून ठेवायच्या, आणि सकाळी वर्गाआधी योगाच्या मंडळींनी पेलाभर कोमट करून प्यायचा. डॉक्टरसाहेबांना विचारून सुरू केला होता. ते म्हणाले होते, साध्या मुळ्याच तर आहेत, लिहायची गरज नाही.

"त्या सकाळी सगळ्यांनी प्यायला?"

"नहीं जी. काढ़े का पतीला खाली था. मँजा हुआ, औंधा रखा था. पेले भी धुले हुए. मुझे अजीब लगा, पर फिर यह सब हो गया..."

चटईवर निजायच्या आधी म्हातारा माणूस अख्खं पातेलं ओतून घासूनपुसून ठेवत नाही.

त्यांनी फोटो पुन्हा समोर धरला. पांडुरंगराव उताणे, हात अंगालगत, दोन्ही पाय जुळवलेले, अंगठ्याला अंगठा. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन त्यांच्या डाव्या गालावर पडलेलं. दालनाला खिडकी एकच, पूर्वेची.

"तुम्ही मंडळींना कोणत्या दिशेला डोकं करून निजवता?"

"पूरब. हमेशा. धूप सिर के पीछे से आती है, आँख में नहीं लगती."

सीमंतिनीबाईंनी चप्पल काढली, एक चटई पसरली, आणि साठी उलटलेल्या बाईला जमेल तेवढ्या बेतानं तिच्यावर आडव्या झाल्या. पाय जुळवून, डोळे मिटून. "घ्या माझं शवासन," त्या म्हणाल्या.

दिग्विजयसिंह गोंधळले. पण वीस-पंचवीस वर्षांची सवय. ते वाकले, आणि विचार करायच्या आत त्यांच्या हातांनी बाईंचे घोटे धरून पाय लांब केले, मनगटं बाजूला सरकवून तळवे आकाशाकडे वळवले.

"असं का केलंत?"

"पैर जोड़कर शवासन होता ही नहीं, मैडम जी. बदन ढीला नहीं छूटता. मोहिते साहब भी कभी ऐसे नहीं लेटते थे, मैंने खुद सिखाया था."

सीमंतिनीबाई कोपरावर उठल्या. त्यांना आता जे दिसत होतं, ते त्यांना बघायचं नव्हतं. तो मुलगा त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असे.

४

गुरुप्रसाद टेंब्यांची खोली दालनाच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर परदेशातल्या परिषदांचे फोटो. त्यानं उठून वाकून नमस्कार केला. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी रिपोर्ट पाठवलाच असता."

"अरे, बस. मला तुझ्या वडिलांची आठवण आली. अण्णा गेले त्याला किती वर्षं झाली रे?"

"पुष्कळ." तो हसला. "त्यांच्या आठवणीनं मला भीतीच वाटते. दौलतगंजात कोणी गेलं की अण्णांना बोलावणं, आणि सोबत मी, दर्भ आणि तीळ सांभाळायला. कॉलेजात गेलो आणि जानवं खुंटीला टांगलं. त्यानंतर मी फक्त आकड्यांवर विश्वास ठेवला."

"हो, तू तर योगसुद्धा करत नाहीस."

"मी अभ्यासतो, मॅडम. करणाऱ्याचं मत झुकतं."

"म्हणूनच फसलास," सीमंतिनीबाई म्हणाल्या, आणि फोटो टेबलावर ठेवला. "हा फोटो माणूस मेल्याचं कळायच्या आधीचा आहे. वर्गाच्या लेखी पांडुरंगराव तेव्हा जिवंत, ध्यान लागलेले. बघ, ऊन डाव्या गालावर. खिडकी पूर्वेला. म्हणजे डोकं उत्तरेला, आणि पाय?"

त्यानं मोबाइल दूर सरकवला.

"दक्षिणेला. अरे, आपल्याकडे पोरगं दक्षिणेला पाय करून निजलं तर आई झोपेतून उठवून फिरवते. दक्षिणेला पाय फक्त मेलेल्या माणसाचे. पांडुरंगराव असे आपणहून निजले नाहीत. त्यांना कोणीतरी निजवलं, आणि निजवणाऱ्याला ते मेलेले आहेत हे ठाऊक होतं. तन्वीला दक्षिण कुठली तेच कळत नाही, आणि तिच्यानं ते उचललेही गेले नसते. दिग्विजयसिंहांना दक्षिण कळते, पण त्यांच्या हातून पाय जुळवले जाणार नाहीत. मी आत्ता आडवी होऊन पाहिलं. पाय कोण जुळवतो? तिरडीवर ठेवताना अंगठे बांधायचे असतात म्हणून ज्यानं लहानपणी शंभरदा पाय जुळवलेत तो. तू शवासन मांडायला गेलास, गुरुप्रसाद, आणि अण्णांच्या हातांनी प्रेत मांडून आलास."

गुरुप्रसादनं उठून खोलीचं दार लोटलं.

"आणि का, तेही मला ठाऊक आहे," त्या पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "पाय सुजवणारी, नाडी मंदावणारी रक्तदाबाची गोळी. कुटून काढ्यात. काढा कडूजहर, कोणाला चव कळणार? योगावाल्यांचं प्रेशर असं उतरलं की जग थक्क व्हावं. पण पांडुरंगरावांना त्यांची जुनी गोळी चालू होती. या दोन गोळ्या एकत्र देऊ नयेत, हृदय थांबू शकतं, हे तुला कोणी शिकवलं रे?"

"तुम्ही," तो म्हणाला.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. पहिल्या महिन्यांत फरक पडत होता, खरा पडत होता. लोकांना झोप लागत होती, काळजी कमी झाली होती, प्रेशर थोडं उतरलं होतं. पण थोडंच. "थोड्याला कोण विचारतं, मॅडम? थोडं तर रोज फिरूनही उतरतं. मी आयुष्य घातलं यात." मग तो पहाटे येऊन काढ्यात पूड मिसळू लागला. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, पांडुरंगराव पायरीवर कुडकुडत बसलेले दिसले. दया आली, म्हणून त्यानं त्यांना आत घेतलं. काढा गरम करून घ्या म्हणाला आणि वर निघून गेला. बऱ्याच वेळानं खाली आला, तर ते काढ्याच्या पातेल्यापाशी जमिनीवर पडलेले.

"मेलेले?" सीमंतिनीबाईंनी विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

"गुरुप्रसाद, मी विचारते आहे. मेलेले?"

"नाडी होती," तो म्हणाला. "अगदी मंद. हॉस्पिटलात नेले असते तर त्यांनी रक्त तपासलं असतं. मी मनगट धरून बसलो. सोडवेना. मग ती थांबली."

सीमंतिनीबाई उठून उभ्या राहिल्या. वाचवता आले असते. हातात नाडी होती, डोक्यात विद्या होती, आणि हा बसून राहिला. आणि वरून त्या बिचारीला विचारून आला, गोळी दोनदा तर दिली नाहीत न?

"एक मला अजून कळत नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मी हिशेबानं घालत होतो. त्यांची जुनी गोळी मला माहीत होती, म्हणून पातेल्यातच पूड कमी ठेवली होती. इतके दिवस रोज तेवढंच प्यायले, काही झालं नाही. त्याच दिवशी कसं झालं?"

"ते तू पोलिसांना विचार," सीमंतिनीबाई म्हणाल्या आणि अध्यक्षांना फोन लावला. पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

५

पोलीस आले, गुरुप्रसादला घेऊन गेले. त्याच्या कपाटात पूड सापडली. सीमंतिनीबाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी रिक्षा केली ती सरळ दौलतगंजाची. एक बाई तीन दिवस उपाशी होती.

त्यांनी सुलोचनाबाईंना सगळं सांगितलं. काढा, पूड, पायांची सूज. मनगट धरून बसल्याचं तेवढं आज सांगितलं नाही. ते कोर्टात कळणारच होतं, पण आज नको.

"म्हणजे माझी गोळी नव्हती?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"नव्हती, वहिनी. ती गोळी इतकी वर्षं तुम्ही दिलीत म्हणून तर ते धडधाकट होते. तुमच्या हातून काही झालं नाही."

सुलोचनाबाई खूप रडल्या. मग डोळे पुसून उठल्या, सुनेला हाक मारली, म्हणाल्या, "ताईंना चहा टाक. मलाही घे. अन् कालची पोळी असेल तर दे गं." पोळीचा पहिला घास त्यांनी चहात बुडवून खाल्ला, आणि सीमंतिनीबाईंना वाटलं, चला, एवढं तरी झालं.

"मेला तो काढा," सुलोचनाबाई म्हणाल्या. घास गेल्यामुळे की काय, त्यांना बोलावंसं वाटत होतं. "त्यांना तर कडू-बिडूचं काही नव्हतं. उलट मलाच ओरडायचे, औषध आहे, वाया जाऊ द्यायचं नाही. त्या दिवशी माझे गुडघे धरले न, तर निघताना मीच म्हटलं, अहो, माझा पेला टाकू नका हं, तोही तुम्हीच पिऊन..."

त्या थांबल्या. पोळीचा तुकडा बोटांत तसाच राहिला. त्यांनी हळूच मान वर केली.

"ताई," त्या म्हणाल्या. "मग त्यांनी दोन पेले..."

सीमंतिनीबाईंना त्या क्षणी गुरुप्रसादच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुराव्यावाचून एक वाक्य बोलायचं नाही, असं त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. पातेलं घासलेलं, देह जळून गेलेला. एका पेल्यानं काय झालं असतं, हे आता जगात कोणीच सांगू शकणार नव्हतं.

"एका पेल्यानंच झालं," त्या म्हणाल्या.

"खरं?"

"अहो, मी औषधांची मास्तरीण. दुसऱ्यानं काही फरक पडत नव्हता."

सुलोचनाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. सीमंतिनीबाईंनी नजर हलू दिली नाही. सून आणखी चहा हवा का विचारायला आली, तेव्हाही त्या तशाच पाहत होत्या.

"खा, वहिनी," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "पोळी खा."

सुलोचनाबाईंनी तुकड्याकडे पाहिलं, आणि तो बशीत परत ठेवला.